माझ्या पट्टीतली कॅसेट

मी तेव्हा दुसऱ्या बाईच्या आवाजात गायचे. सिनेमातल्या एका मोठ्या गायिकेचा आवाज मला हुबेहूब काढता यायचा आणि त्या जोरावर आमचा ऑर्केस्ट्रा बीड जिल्ह्यात गाजला होता. गणपती, नवरात्र, साखर कारखान्याचा गळीत हंगाम, सोसायटीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन, सगळीकडं आम्हीच. पोस्टरवर फोटो माझा, आणि त्याखाली माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात त्या गायिकेचं नाव. लोक डोळे मिटून ऐकायचे. डोळे उघडले की समोर पालीजवळच्या एका शेतकऱ्याची सावळी, ठेंगणी मुलगी दिसायची आणि त्यांचा जरा हिरमोड व्हायचा. मला ते कळायचं.

ऑर्केस्ट्रा मास्तरांचा. ते शाळेत संगीत शिकवायचे आणि स्टेजवर कीबोर्ड वाजवायचे. सिनेमातल्या गाण्यात जिथं सतार असेल तिथं सतार, जिथं बासरी तिथं बासरी, सगळं त्या एका कीबोर्डातून काढायचे. एक सूर इकडचा तिकडं झालेला त्यांना खपायचा नाही. घरचे सगळे विरोधात असताना त्यांनीच मला स्टेजवर उभं केलं होतं, हे मी कधी नाकारलं नाही. बाकी कायमचे दोघं. एक ड्रमवाला, सिरसाळ्याचा, बोलायला कमी आणि वाजवायला दणकट. दुसरा गिटारवाला. तो अंबाजोगाईला शिकताना मेडिकलच्या पोरांच्या होस्टेलवर पडीक असायचा. तिथं त्यानं इंग्रजी रॉक ऐकलं आणि अभ्यास सोडून तेवढं घेऊन परत आला. त्याच्याकडं पायानं दाबायची एक पेटी होती. ती दाबली की गिटार चिरकायची, गुरगुरायची. मास्तरांनी त्या पेटीला स्टेजवर बंदी घातली होती.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि माझा घसा गेला. टँकरचं मचूळ पाणी, रस्त्यारस्त्यानं उडणारा फुफाटा. एका नवरात्रात तिसऱ्या गाण्याला वरचा सूर लावायला गेले तर आवाज फाटला. लोक हसले. मी गिटारवाल्याकडं बघितलं आणि हातानं खुणावलं, खाली घे. त्यानं पट्टी खाली उतरवली आणि मी छातीतून, जाड, मोकळ्या आवाजात तेच गाणं म्हटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कौतुकाच्या नव्हे. पण मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हे तोंड माझं आहे.

जीपमध्ये मास्तर चिडले होते.

"लोक तुला ऐकायला येत न्हाईत, पोरी. तिला ऐकायला येतात. ती उद्यापास्नं परत पायजे मला."

"मास्तर, ती मुंबईत हाय. तिला बोलवा."

घसा बरा झाला तरी मी वरच्या पट्टीत गेले नाही. जाता येत होतं, गेले नाही.

त्या वर्षी कार्यक्रमही आटले. मंडळांनी वर्गण्या केल्या नाहीत, लग्नं पुढं ढकलली गेली, अर्धी गावं जनावरं घेऊन चारा छावणीत जाऊन राहिली. आम्ही चौघं मास्तरांच्या ओट्यावर रिकामे बसलेलो असताना गिटारवाला म्हणाला, "तसंबी कुणी बोलवंना झालंय. मग आपल्याला पायजे ते कावून वाजवू नये? आपली गाणी करू. आपली कॅसेट काढू."

"कोण ऐकंल बे?" ड्रमवाल्यानं विचारलं.

"आत्ता तरी कोण ऐकतंय?"

मास्तर उठून गेले नाहीत, आणि आम्ही ते होकार समजून चाललो.

जागा मिळाली दूध संघाच्या शीतकरण केंद्रात. जनावरं छावणीत गेल्यामुळं दूध यायचं बंद झालं होतं आणि दूध थंड ठेवायची मोठी खोली रिकामी पडली होती. जाड दार, थर्माकोल भरलेल्या भिंती. दार लावलं की बाहेरचा टँकरचा भोंगासुद्धा आत येत नसे. गिटारवाल्यानं ती बघितली आणि खुळावलाच. संघाचे सेक्रेटरी आमचे जुने श्रोते. त्यांनी किल्ली दिली आणि एकच बजावलं, "भिंतीला खिळा मारू नका."

थंड खोलीत आम्ही घामानं भिजून गेलो. मशीन बंद, पंखा लावला तर त्याचा आवाज रेकॉर्ड व्हायचा, आणि आंबलेल्या दुधाचा वास कितीही धुतलं तरी जाईना. लाईट दुपारची असायची, म्हणून भर दुपारी दार लावून घ्यायचं. भाड्यानं आणलेलं रेकॉर्डिंगचं मशीन दुधाच्या कॅनवर ठेवलेलं. गिटारवाल्यानं पेटीवर पाय दिला आणि गिटार इतकी गुरगुरली की माझ्या दातांत कंप आला. ड्रमवाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. गाणी मीच लिहिली, आमच्या बोलीत. त्यातलं एक असं होतं:

विहिरीला इचारलं, ती बोलंना,
टँकरला इचारलं, तो थांबंना,
हिरव्या उसाला इचारा,
पाणी मुरतंय कुठं.

मास्तरांनी सतारीचा, बासरीचा, सगळे आवाज लावून बघितले. काहीच बसेना. शेवटी गिटारवाला दबकत म्हणाला, "मास्तर, ह्या गाण्यात कीबोर्ड नको."

"आन् त्या दुसऱ्यात?"

गिटारवाला गिटारच्या खुंट्या पिळायला लागला. मास्तरांनी कीबोर्डवर कपडा टाकला आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत मशीनची बटणं सांभाळत बसले. कॅसेट चांगली निघाली त्यात त्यांच्या कानाचा मोठा वाटा होता. मी ते तेव्हाही सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

कॅसेटमधली गाणी लोकांसमोर पहिल्यांदा म्हटली ती सिरसाळ्याच्या अलीकडं, चारा छावणीत. छावणी चालवत होते दूध संघाचेच चेअरमन आणि कार्यक्रमही त्यांनीच ठेवला होता. बांधलेल्या जनावरांच्या रांगा, मधे मोकळी जागा, तिथं दोन ट्रॉल्या जोडून स्टेज, त्यावर कडेला मास्तर, झाकलेला कीबोर्ड पुढ्यात घेऊन. संध्याकाळचं वैरण-पाणी आटोपून लोक येऊन बसले. महिनोन्महिने तिथंच राहत होते ते. त्यांना त्यांच्या आवडीची गाणी ऐकायची होती, यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

पहिलंच गाणं गिटारनं सुरू झालं आणि जवळची दोन खोंडं दाव्याला हिसके देत उभी राहिली. लोक आधी हसले, मग गप्प झाले. दुसऱ्या गाण्यानंतर एक म्हातारी पुढं आली. तिला खरोखरच माझी काळजी वाटत होती.

"बाई, तुजा आवाज बसलाय का गं?"

"न्हाई मावशी," मी माईकवरच म्हटलं, "उठलाय."

मग मी पाण्याचं गाणं म्हटलं. उसाच्या ओळीला मागच्या बायकांतून कुणीतरी "हां" केलं, मोठ्यानं. चेअरमन पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. कॅनॉलच्या कडेचा हिरवागार ऊस कुणाचा, ते सगळ्या छावणीला ठाऊक होतं. गाणं संपलं तेव्हा ते हसत होते, पण उठून स्टेजजवळ आले आणि मास्तरांना म्हणाले, "मास्तर, लई झालं हे. ते नेहमीचं घ्या की. लोक दमलेत."

लोकांतूनही आवाज आला, "हां, ते घ्या, ते घ्या!"

मास्तरांनी कीबोर्डवरचा कपडा काढला आणि माझ्याकडं न बघता त्या गाण्याची सुरुवात वाजवली, सतार, बासरी, सगळं जिथल्या तिथं. माझी जागा आली. मी गायले नाही. माईक धरून उभी राहिले. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. लोकांना वाटलं काही चुकलं असेल, टाळ्या वाजवून त्यांनी मला धीर दिला. माझी जागा पुन्हा आली आणि गेली. आता सगळ्यांना कळलं. जनावरांचं रवंथ ऐकू येत होतं. माझं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"म्हण," मास्तर हळू म्हणाले. "माझ्यासाठी म्हण."

"तुमच्यासाठी दुसरं काहीबी म्हणंन मास्तर. हे न्हाई."

त्यांनी कीबोर्डचं बटण बंद केलं. कपडा नीट चारी बाजूंनी गुंडाळला, कीबोर्ड काखेत मारला आणि ट्रॉलीवरून उतरून जीपकडं गेले. ड्रमवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि त्यानं काठ्या आपटून पुढचं गाणं चालू केलं. निम्मे लोक उठून गेले. निम्मे बसले. बसलेल्यांसाठी आम्ही राहिलेली सगळी गाणी म्हटली, एकही न गाळता.

पुढं जे व्हायचं ते झालं. चेअरमननी बाकीच्या छावण्यांतले आमचे कार्यक्रम रद्द केले आणि बाजारपेठेतल्या दुकानांना आमची कॅसेट ठेवू नका म्हणून निरोप गेले. सेक्रेटरींना उगाच बोलणी खावी लागली, त्याचं वाईट वाटलं. मास्तरांनी दोन महिन्यांत नवा ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांना एक नवी मुलगी मिळाली, ती त्या गायिकेसारखी माझ्यापेक्षाही हुबेहूब गाते. मी ऐकलंय. चांगली गाते. मास्तर भेटले की बोलतात, घरच्यांची चौकशी करतात. मी चुकले असं त्यांना अजून वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही, आणि आम्ही दोघंही ते लपवत नाही.

दुकानांनी नाही म्हटल्यावर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरांकडं आम्ही कॅसेट घेऊन गेलो. ड्रायव्हर लोकांना टेपवर दणका लागतो, आणि दणका आमच्याकडं भरपूर होता. त्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडांवरून आमच्याच माणसांची बोलावणी आली. पालांच्या पुढं, चिपाडाच्या धुरात आम्ही तिघांनी कार्यक्रम केले. बायका पाण्याचं गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या आणि उसाची ओळ माझ्याआधी स्वतःच म्हणायच्या, हातात कोयता तसाच.

आमची दुसरी कॅसेट निघाली तेव्हा पाऊस बरा झाला होता. शीतकरण केंद्रात दूध परत आलं होतं आणि त्याचं दार आम्हाला बंदच होतं. म्हणून ती आम्ही एका वेल्डिंगवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेकॉर्ड केली. मी जोर लावला की वरचा पत्रा झणझणायचा, आणि ते स्पष्ट ऐकू येतं. गिटारवाला म्हणाला, परत घेऊ, दुसरी जागा बघू. मी म्हटलं, काही गरज नाही. राहू दे झणझणत.