हिरव्या लुगड्यातली पुस्तकं

हिंगोलीतलं आमचं वाचनालय म्हणजे धान्याच्या मोंढ्यामागची एक लांबट खोली. सकाळी शाळेत शिकवून झालं की दुपारी मी तिथे पुस्तकं द्यायला-घ्यायला बसायचो. जवळच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू उडत यायचे आणि कौलांमधून पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचे. खाली पडताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही. अजूनही ती खोली आठवली की माणसांचे आवाज ऐकू येतात ते लांबून, आणि तंतू मात्र डोळ्यांसमोर असतात.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गावातले एक वकील वारले आणि त्यांच्या पत्नीने त्यांची सगळी पुस्तकं आम्हाला दिली. बैलगाडीभर पोती आली. आमचे चिटणीस मोठे टापटिपीचे गृहस्थ. प्रत्येक पुस्तकाचं नाव, कर्ता, पानं, कसर लागली असेल तर कुठे, हे सगळं वहीत उतरवायचं, मग त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, खळ वाळेपर्यंत थांबायचं, आणि मगच दुसरं हातात घ्यायचं. वर्ष उलटलं तरी पहिलं पोतं संपेना. यादी पुरी होईपर्यंत एकही पुस्तक बाहेर जाणार नाही, हाही त्यांचाच नियम. मी मुळात तापट. रोज त्या पोत्यांकडे बघून माझं डोकं फिरायचं.

वकिलीणबाई दर बाजाराच्या दिवशी यायच्या. डोळे जात चालले होते. हैदराबादला दाखवून झालं होतं, उपयोग झाला नव्हता. अक्षरं केव्हाच गेली होती, आता माणसांचे चेहरेही पुसट होत होते. दाराच्या चौकटीला हात टेकून त्या विचारायच्या, पुस्तकं लागली का कुणाच्या हाताला. चिटणीस म्हणायचे, काम चालू आहे. एकदा मात्र त्या थेट माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, मला दिसून राहिलंय तोवर कोणाच्या तरी हातात पुस्तकं दिसू द्या. कव्हरं मग घालत बसा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी चिटणिसांच्या घरी गेलो आणि कचेरीचं उदाहरण दिलं. कचेरीत कागद कसे ठेवतात? फडक्यात बांधायचे, वर एक चिठ्ठी लावायची, झालं. एकेका कागदाची कुंडली कोण मांडतं? आपणही तेच करू. पोत्यात जी पुस्तकं एकत्र आली ती एकत्रच बांधू, कारण वकीलसाहेबांच्या फडताळात ती तशीच, विषयवार होती. चिटणीस पुष्कळ कुरकुरले. शेवटी म्हणाले, फडकी कुठून आणणार? कापड तेव्हा कंट्रोलचं, मोजूनमापून मिळायचं, ते खरंच होतं.

हे वकिलीणबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी आपली ट्रंक पाठवून दिली. आत रंगीत लुगडी होती. नवरा गेल्यापासून त्यांनी ती नेसायची सोडली होती. चिटणिसांनी तुकडे करायला कात्री काढली तेव्हा मात्र, फाडायची नाहीत, असं बाईंनी निक्षून सांगितलं. मग आम्ही अख्खी लुगडी घडी घालून वापरली. हिरव्यात कथा, लालमध्ये प्रवासवर्णनं, जांभळ्यात शेती आणि दवादारू. गाठोडी फळ्यांवर ठेवली आणि ती मळकी खोली सणाला नटल्यासारखी दिसू लागली. वकिलीणबाई दारातूनच एकेक रंग ओळखत होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं.

पहिलं गाठोडं नेलं पुसेगावच्या एका शेतकऱ्याने. चिठ्ठी एकच, म्हणून त्याने अख्खं हिरवं गाठोडंच गाडीत टाकलं. चिटणीस कपाळाला हात लावून बसले. पेरण्या उरकल्यावर पुस्तकं परत आली, पण पोत्यात. लुगडं नव्हतं. मी कारण विचारलं तर तो मान खाली घालून सांगू लागला. गाठ बांधलेलं लुगडं घरात आलं, बायकोला वाटलं आहेर आला. तिने हळदकुंकू वाहिलं आणि नेसली. मी त्याला बरंच तोडून बोललो. रागापेक्षा धास्तीच जास्त होती, आता वकिलीणबाईंना काय सांगायचं?

पण सांगावं लागलंच. पुस्तकं आली तरी फळीवर हिरवा रंग परतला नाही, हे त्यांना येताक्षणी दिसलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तिला म्हणावं, नेसूनच ये.

पुढच्या बाजाराला ती आली. दारात उभी राहिली तेव्हा मागून ऊन येत होतं आणि दारभर हिरवा रंग झाला होता. वकिलीणबाई उठल्या, जवळ गेल्या, पदराचा काठ बोटांनी चाचपला. ती बिचारी घाबरून, चुकी झाली बाई, धुऊन देते, असं काहीबाही बोलत होती. त्यांनी एवढंच विचारलं, पुस्तकं वाचली का कोणी?

"मला न्हाई येत वाचाया," ती म्हणाली. "मालक दिवा लावून वाचत व्हते, आमी समदे ऐकत व्हतो. आळीतल्या बायाबी येत व्हत्या."

वकिलीणबाईंनी तिचा पदर खांद्यावर नीट केला आणि लुगडं राहू दे म्हणाल्या. मी उगाच वही उघडून बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात रंगही गेले. तरी त्या यायच्या, फळीजवळ बसायच्या आणि विचारायच्या, आज कोणतं गेलं? मी सांगायचो. पण सुगीच्या दिवसांत वाचायला कुणाला सवड? एका दुपारी सगळी गाठोडी जागच्या जागी होती, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, लाल गेलं.

त्यांचा हात शेजारच्या गाठोड्याच्या, बोटांना ओळखीच्या काठावरून फिरत होता.

"लाल हितंच हाय, मास्तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला काहून फसवता? घेऊन जा की कोणाकडं."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. लाल गाठोडं सायकलला बांधून मी औंढ्याच्या रस्त्याला लागलो.