पेटीवरचा नंबर

रत्नागिरीच्या एसटी स्थानकावर समुद्राकडे जाणारी गाडी लागायची होती. समुद्र पाहायला निघालो होतो, पण आधी दिसली ती एक हिरवी पत्र्याची पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी पासपोर्टचा नंबर. एवढा मजकूर ताम्रपटावरही नसतो. (नंबर इथे देत नाही; का, ते पुढे येईलच.)

मालक हसन शेजारीच उभा होता. दुबईत क्रेन चालवायचा. रजा संपवून परवा परत निघणार होता. पेटी नुकतीच पेंटरकडून आणलेली. नंबर कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "हरवली तर ओळख पटायला नको?"

रंग नवा म्हणून पेटी टपावर न टाकता त्यानं बाकांमधल्या वाटेत ठेवली. चढ संपून सडा (जांभ्या दगडाचा उघडा माळ) लागला. समोरचे सफारीतले गृहस्थ, खिशाला तीन पेनं, पेटी कौतुकानं वाचत होते. आपण मुंबईहून माणसं 'बाहेर' पाठवतो, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मग डायरी काढून झाकण उतरवून घेऊ लागले. पण खड्ड्यांमुळे कागदावर नुसत्या लाटा उमटल्या. डायरी मिटली. उद्योगी माणूस, असं मला वाटलं.

गावात उतरलो तर ज्या मास्तरांकडे मुक्काम करायचा होता ते देवरूखला गेलेले, दाराला कुलूप. हसननं आपल्या घरी नेलं. त्याच्या आईनं, अमीनाबींनी, घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) आणि बांगड्याचं कालवण वाढलं. पासपोर्ट त्यांच्याच ताब्यात होता: प्लॅस्टिकमध्ये, वर रुमाल, तो डब्यात, डबा कपाटात आणि किल्ली कमरेला. सरपंचांनाही दाखवत नाही, म्हणाल्या. कारण होतं. पलीकडच्या वाडीतल्या युसुफचं नाव नि नंबर कुणा एजंटाच्या हाती लागला, त्यावर दुसऱ्याचे कागद झाले, आणि युसुफला विमानतळावरून परत पाठवलं. चौकशी अजून चालू आहे. क्रेनवर मात्र आठ दिवसांत दुसरा माणूस बसतो.

मला डायरी आठवली. सांगितलं. हसनचा घास हातातच राहिला. अमीनाबींना वाचता येत नव्हतं. पेटीवर काय काय लिहिलंय ते त्यांनी त्याच्याकडून ऐकून घेतलं.

"दागिना डब्यात ठेवलास," त्या म्हणाल्या, "न् डब्यावर लिवलंस, आत दागिना आहे."

रॉकेलनं घासलं. हिरवा रंग निघाला, पांढरा नाही. पेंटर प्रामाणिक निघाला.

"मग खोटा लिव."

हसन कुरकुरला, विमानतळावर विचारलं तर?

"पेटीला कोण इचारतो? तुला इचारतील. तुझा खरा तुझ्याकडे आहे."

होडीवर नाव घालायला आणलेला पांढरा रंग शेजाऱ्याकडे उरला होता. तिनाचा आठ झाला, एकाचा चार. क्रेन चालवणाऱ्याचा हात. जराही हलला नाही. दुसरा दिवस मी समुद्र पाहण्यात घालवला. चांगला आहे.

तिसऱ्या दिवशी हसन आणि मी एकाच गाडीनं निघालो, पेटी पुन्हा बाकांमधल्या वाटेत. थांब्यावर अमीनाबींनी त्याच्या सदऱ्याला आतून शिवलेला खिसा बाहेरूनच चाचपला आणि मागे वळल्या. पुढच्या गावाला सफारी चढली. फाट्यावर गाडी चहासाठी थांबली, तशी डायरी निघाली. आता पेन नीट चालत होतं. एका आकड्याशी ते अडले. हसन खिडकीबाहेर पाहत होता.

"हा तीन की आठ हो?" त्यांनी मला विचारलं.

मी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"आठ," म्हणालो.

त्यांनी आभार मानले.

घरी आल्यावर बॅग उचलून ठेवताना तिची पट्टी वाचली. माझं नाव, हुद्दा, सरकारी ओळखपत्राचा नंबर. मीच हौसेनं, सुवाच्य अक्षरात घातलेला. पांढरा रंग आहे का, ते विचारायला शेजारी गेलो.