फाट्यावरचा शेंदूर

स्वतःच्या हातानं स्वतःच्या हाटेलाचं वाटोळं केलेला माणूस कधी बघितलाय का? न्हाई? मग बघून घ्या, तुमच्या म्होरंच बसलाय. चहा गार व्हायच्या आत सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर. आजाच्या काळात बैलगाड्या, मग यष्टी, मग सांगलीची हळद न् गूळ भरलेले ट्रक, समदं आमच्या पेठेतनंच जायचं. घाट उतरायच्या आधी डायवर पेठेतल्या घाटाईला नारळ फोडायचा आन् देवळाशेजारच्या माझ्या हाटेलात चहा-भजी हाणायचा. बसायला जागा मिळायची न्हाई, खरं सांगतो!

मग गावाला वळसा घालून नवी सडक झाली, बाहत्तरच्या दुष्काळी कामावर. तिची खडी कुणी फोडली? आमीच की! हातोडीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आन् वर हजेरी लावली.

सडक सुरू झाली आन् पेठेत कुत्रं फिरंना. माझी बायको हौसा म्हणाली, "आवं, चूल उचला. फाट्यावर जाऊ."

"आजानं मांडलेली चूल मी हलवू? सडकंनं वाट बदलली, मी न्हाई बदलणार! ट्रकच हितं आणून दावतो."

आन् दावायला गेलो ना! फाट्यावर एक मोठा दगड उभा केला. रंग कुठनं आणू? शेंदूर तेलात कालवला न् दगडाला फासला. लांबनं दिसाय नको व्हय? त्यावर चुन्यानं झ्याक बाण काढला आन् लिवलं, "घाटाई, चहा, भजी गावात".

त्याच रात्री वळीव आला. चुना गेला वाहून. पण तेलातला शेंदूर कसला जातोय?

सकाळी सांगलीचा पारिसअण्णा, माझं जुनं गिऱ्हाईक, ट्रक थांबवून त्या दगडाला नारळ फोडत व्हता!

"आरं अण्णा, काय करतुयास? ह्यो देव न्हाई!"

"गप रं. घाटाई आमच्यासाठी सडकंवर आली बघ."

"आली कुठली? मी आणलीया! शेंदूर मी फासलाय!"

"मग तिनंच तुझ्या हातनं करून घेतलं," म्हणत त्यानं मलाच हात जोडले. बोला आता!

आठवडाभरात झेंडा लागला, घंटा लागली. वाकडी वाट करून पेठेत कोण येतंय? मी पहार घिऊन दगड उपटाय गेलो, तर डायवरांनी मला उचलून बाजूला ठेवलं आन् हातावर परसाद दिला. खोबरं ग्वाड व्हतं, मेलं!

हौसानं मला इचारलंच न्हाई. चूल उचलली, दगडाशेजारी मांडली, नारळबी ठेवले. मी पेठेत एकटाच, मोकळ्या बाकड्यांवर फडकं मारीत. पण नमस्कार? त्या दगडाला? मेलो तरी न्हाई!

पुढं लेकीला मुलगा झाला. बारसं खाली तिच्या सासरी. पारिसअण्णाच्या ट्रकमधनं निघालो. फाट्यावर तो नारळ फोडाय उतरला.

"चल की तूबी."

"मी न्हाई. माझा दगड हाय त्यो, मला ठावं हाय."

गाडी घाटाला लागली. पहिल्याच वळणावर ब्रेक असा किंचाळला की माझा जीव टोपीत आला! खाली दरी, आन् माझ्या डोळ्यांम्होरं नातू.

"अण्णा, थांब! पोटात कळ आलीया!"

"आरं, ब्रेक रोजच वरडतोय."

"कळ ब्रेकला न्हाई, मला आलीया!"

उतरलो आन् चढ चढून धापा टाकीत फाट्यावर आलो. हौसा कढईत भजी सोडत व्हती.

"काय ओ, माघारी?"

"एक नारळ दे."

तिनं झारा थांबवला. "कुणाला? त्या दगडाला?"

मी म्हटलं, "दोन दे."