शिलाई मशीनचं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — त्याला फ्लॉपी म्हणजे काय ते समजावत कोण बसणार?

मी चौथी पास. ब्लाउज शिवायचे. आमचे हे कचेरीत कारकून. रिटायर झाल्यावर एक जुना कॉम्प्युटर आणून आत्मचरित्र टाइप करायला बसले. दोन वर्षं बसले. माणसाच्या आयुष्यात एवढं घडतं तरी काय? यांच्या तर काहीच नाही — मी सोबतच होते ना. तरी अकरा फ्लॉप्या भरल्या. तळहाताएवढं चौकोनी प्लॅस्टिक, त्याला पत्र्याचं सरकतं झाकण.

ते झाकण — तिथेच सगळं आहे.

दिवाळीच्या साफसफाईत मी बिजागऱ्या, कड्या, शिलाई मशीन, सगळ्यांना तेल घालते. सरकणारी वस्तू कोरडी ठेवू नये, एवढं मला कळतं. त्या वर्षी हे बाजारात गेले होते आणि ती झाकणं मला कुरकुरल्यासारखी वाटली. मग काय — झाकण सरकवून आत दोन-दोन थेंब. दहा झाल्या आणि बुधली संपली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर खरखरला आणि एकही फ्लॉपी वाचेना. धाकटे दीर निफाडहून सणाला आलेले, आदल्या दुपारभर भजी खात त्यावर पत्ते खेळत होते. यांनी सगळ्यांसमोर खापर त्यांच्यावर फोडलं. भाऊजी भाऊबीजेला न थांबता निघून गेले. त्यानंतर अठरा वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. पुतण्याच्या लग्नातही मांडवाच्या दोन टोकांना बसले. मी? मी दोन्हीकडे जाऊन मठ्ठा हवा का विचारत होते.

यंदा नातीने, सायलीने, माळ्यावरचं ते धूड खाली काढलं. द्वारका चौकाजवळचा एक दुकानदार म्हणे जुनी मशीनं भंगारात जाऊ देत नाही, दुरुस्त करून सांभाळतो. आम्ही तिघं गेलो, कॉम्प्युटर त्याला दिला. फ्लॉप्या नव्या मशीनवर वाचता येतील का, तेही विचारलं. त्याने एक उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, आत तेल आहे, त्यानेच मशीनही बिघडलं.

आता सुटका नाही म्हटलं. तर यांनी काय बोलावं?

“बघितलंस? भज्यांचे हात. तेव्हाच म्हटलं होतं मी.”

भजी त्या दिवशी खरंच केली होती. मीच. तेव्हाही गप्प, आत्ताही गप्प — सवय झाली की जड जात नाही.

अकरावी फ्लॉपी तेवढी वाचता आली. सायलीने दुकानातच मोठ्याने वाचली. यांना लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा धाकट्याने उन्हात तीन कोस अनवाणी जाऊन डॉक्टर आणला, असं त्यात होतं. घरी येऊन यांनी निफाडला फोन लावला आणि अगदी राजासारखं म्हणाले, “ये. मी तुला माफ केलं.”

भाऊजी आले. द्राक्षांची पेटी घेऊन. न केलेल्या गुन्ह्याची माफी मान खाली घालून घेतली. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, भांडणार किती? मी चहा ठेवला तेव्हा कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघून म्हणाले,

“वहिनी, चालतं का अजून? तेलपाणी करता ना?”

“करते,” म्हटलं आणि साखर शोधायला आत गेले. साखर ओट्यावरच होती.

तेल मी घातलं. दहा फ्लॉप्यांत. भज्यांचं नव्हतं.