खोडलेलं रीडिंग

खोडरबराचा वास आला की मला पवनीच्या कॉलेजातली बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आठवते. पंखा बंद, दाराला आतून कडी. समांतर जोडलेल्या दोन रोधांना मी तिसरा जोडला आणि अमीटरचा काटा चक्क वर चढला. आमच्या धानाच्या शेतात बोडीच्या छोट्या तळ्यातलं पाणी बांध घातलेल्या तिसऱ्या बांधीत सोडलं की पहिल्या दोन बांध्यांत कमी पडायचं, म्हणून मला वाटलं, काटा खालीच यायला हवा. मी खरा आकडा खोडून कमी लिहिला. बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच आकड्यावर थांबले. "पुन्हा जोड." मागे भिंत, पुढे ते. घामेजल्या बोटांनी मी तार लावली. व्होल्टेज तेवढंच राहिलं, करंट मात्र सगळ्यांदेखत वाढला. "प्रत्येकाले व्होल्टेज पुरंच भेटते, पोरी. वाट वाढली का बॅटरीतून करंट जास्त निघते. काटा खरं सांगत होता, तं खोडलं काहून?" काल माझी लेक वहीत काहीतरी खोडत होती. मी झडप घालून तिचं मनगट धरलं. "आई, सोड ना," ती कळवळली, "स्पेलिंग चुकलं हाय फक्त."