आज आजी भांडली नाय

पेणच्या इस्पितळात आईला न्यूमोनियासाठी ठेवलं होतं, तेव्हाची ती सिस्टर. नाव मी कधी विचारलंच नाही. आईचं मनगट धरून ती गप्प उभी राहायची. नाडी बघतेय असं वाटायचं, पण नजर असायची आईच्या छातीवर.

"श्वास मोजतोय हे कळलं, की माणूस मुद्दाम नीट श्वास घेतो," तिने मला बाहेर सांगितलं होतं.

आई जन्मभर मिठागरावर राबलेली, जिभेची तिखट. रोज खेकसायची, "हात सोड गो, जीव घेतेस काय माझा?"

एका सकाळी मात्र तिने मुकाट हात दिला. "बरी हाय," म्हणाली. मला हायसं वाटलं. सिस्टरचा चेहरा बदलला.

"आजी, आपण कुठं हाव?"

"मिठागरावर."

"आज आजी भांडली नाय. हे मला चालायचं नाय," म्हणत तिने तडक डॉक्टरांना आणलं. ऑक्सिजन वाढवला, औषध बदललं. आईची खाट तिने आपल्या टेबलासमोर ओढून घेतली आणि घरी जायची संध्याकाळची रोह्याची गाडी सोडून दिली.

दोनेक दिवसांनी आईने हात हिसडला. "सोड गो, किती येळ धरतेस!"

सिस्टरने सोडला नाही. "भांडा आजी, आणखी भांडा," म्हणत ती छातीकडे बघत राहिली.