शिंगराच्या वाटणीचं दूध

आमच्या गाढवीला ऐन पौषात शिंगरू झालं. आम्ही तेव्हा मुरुम गावाबाहेर वीटभट्टीवर कामाला होतो. राखी रंगाचं पिल्लू, अंगापेक्षा कानच मोठे आणि सारखं कापणारं. मी त्याला पेटत्या भट्टीच्या उबेला बांधलं, खाली उसाचं पाचट पसरलं, दुहेरी गोणपाट पाठीवर टाकून पोटाखालून सुतळीनं बांधलं. येणारा-जाणारा दात काढायचा. "बारसं कधी हाय?" म्हणायचा. गाढवाला कसली आलीय थंडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या माळावर पहाटे उघडं उभं राहून बघावं.

पाचट ओलं झालं की मी बदलायची, गोणपाट धुक्यानं दमट झालं की भट्टीवर वाळवायची. त्यात कसूर नव्हती. नडलं ते दूध.

लेकराला खोकला झाला की आमच्या भागात गाढवीचं दूध पाजतात, आणि पहिलटकरणीचं असलं तर विचारूच नका. एरवी आमची जनावरं दारापुढून हाकलणाऱ्या बायका सकाळीच वाट्या घेऊन हजर. सासूबाईंचा नेम ठरलेला, लेकराच्या औषधाला नाही म्हणायचं नाही. शिंगराला आचळाला लावायचं, गाढवीनं पान्हा सोडला की त्याला ओढायचं आणि खाली वाटी धरायची. ओढायचं काम माझ्याकडं. ते पिल्लू मग माझीच बोटं चोखत राहायचं. माझा जीव तुटायचा.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, पोटातच काय न्हाय तर ऊब कुठून येईल? गोणपाटं तरी किती घालू?"

"जरा कळ काढ. थंडी सरली की बाया यायच्या थांबतेत."

थंडी सरेपर्यंत त्यानं टिकायला तर पाहिजे ना.

सगळ्यात जास्त खेपा रस्त्यापलीकडच्या वहिनींच्या. त्यांचं बाळ गुटगुटीत. कानटोपी, स्वेटर, मोजे, सगळं अंगावर. ते शिंकलं की वहिनी वाटी घेऊन निघाल्या. एक दिवस मी आडवी आले. "वैनी, आज ऱ्हाऊ द्या. पिल्लू उठंना झालंय."

"अगं, घोटभरच पायजे. गाढवाची जात हाय, काय होतंय त्याला?"

सासूबाईंनी मला बाजूला केलं आणि वाटी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगरू गोणपाटाखाली ताठ झालेलं होतं. गोणपाट कोरडं होतं, भट्टीची भिंत हाताला चटके देत होती. मी सुतळी सोडायला बसले, तेवढ्यात वहिनी आल्या. शिंगराशिवाय गाढवी पान्हा सोडेना. सासूबाई खाली बसल्या तर तिनं लाथ झाडली.

रिकामी वाटी बघून वहिनी चिडल्या. "एवढ्या थंडीत पिल्लू उघड्यावर ठेवतेत व्हय? जनावराची माया कशी ती न्हाय तुमाला."

मला राहवलं नाही. "थंडीनं न्हाय मेलं, वैनी. उपाशी मेलं."

वहिनींनी वाटी पदराखाली घेतली. चार पावलं गेल्या, थांबल्या आणि सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "अजून कुणाची गाढवी व्यालीय का हो इकडं?"